उत्तर उताऱ्यात नसलेला प्रश्न

(पालघर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा माझ्यापेक्षा मोठा अधिकार असलेली माणसं मला पहिल्या दोन रांगांत दिसताहेत. म्हणून गौरवपर बोलणं मी त्यांच्यावर सोडतो. संयोजकांनी मला 'वाचनसंस्कृती' हा विषय दिला होता. या विषयावर वक्ता मोबाइलला शिव्या घालतो, श्रोते माना डोलावतात, आणि सभा संपली की सगळे आधी मोबाइल उघडतात. तेव्हा मी विषय जरा आवळून घेतला आहे. मुलं जे वाचतात त्याला त्यांनी प्रश्न कसे विचारावेत, आणि ते वर्गात शिकवता येतं का, एवढंच.

सुरुवात बोर्डाच्या परीक्षेपासून करतो, कारण आपल्याकडे परीक्षेत जे असतं तेच शिकवलं जातं. दहावीच्या हिंदीच्या कृतिपत्रिकेत 'गद्य आकलन' नावाची चार गुणांची एक कृती असते. उतारा देतात आणि त्यावर चार प्रश्न तयार करायला सांगतात. पहिल्यांदा वाचलं की बरं वाटतं. दहा वर्षं उत्तरं लिहून बोटं दुखलेल्या पोराला कुणीतरी म्हणतंय, बाळा, आता तू विचार. पण पुढे एक अट आहे. प्रश्न असे हवेत, की त्यांची उत्तरं त्याच उताऱ्यात एकेका वाक्यात मिळतील. म्हणजे जे समोर छापलेलं आहे तेच विचारायचं.

यावर तोडगा काढायला मुलांना वेळ लागला नाही, क्लासवाल्यांना तर मुळीच नाही. उताऱ्यातलं वाक्य उचलायचं, माणसाचं नाव खोडून तिथे 'कौन' लिहायचं. गावाच्या जागी 'कहाँ', सालाच्या जागी 'कब'. शेवटी प्रश्नचिन्ह. चार वाक्यं, चार प्रश्न, चार गुण. यात उतारा समजायची गरजच पडत नाही. खोटं वाटत असेल तर हे वाक्य घ्या, मीच जुळवलं आहे: 'झिपरं कोंबूळ भर दुपारी गवळात फडकलं.' याला काहीही अर्थ नाही. आता प्रश्न काढा. कोंबूळ कुठे फडकलं? कधी फडकलं? कसलं कोंबूळ फडकलं? भर दुपारी गवळात काय फडकलं? झाले चार. चारही अटीत बसतात. आणि 'अहो, पण कोंबूळ म्हणजे काय?' हा एकच शहाणा प्रश्न अटीत बसत नाही. त्याचं उत्तर उताऱ्यात नाही ना!

मी बोर्डाची टिंगल करत नाहीये. लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या, तपासनीस वेगवेगळे, आणि गुण सगळीकडे सारखे पडायला हवेत. एका वाक्यात उत्तर असेल तर भांडण होत नाही. आपल्या सगळ्या जुन्या प्रश्नप्रकारांची कुळकथा हीच आहे. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले. यांतला एकही प्रकार मुलाला काय कळलं हे पाहण्यासाठी जन्मलेला नाही. तपासणाऱ्याची सोय पाहून जन्मलेला आहे. अडचण पुढची आहे. परीक्षकाच्या सोयीचा प्रश्न मुलं वर्षानुवर्षं बघतात आणि प्रश्न म्हणजे असाच असतो असं धरून चालतात. मग त्यांना 'विचारा' म्हटलं की तीही परीक्षकासारखीच विचारतात.

कृतिपत्रिका आली तेव्हा यावर उतारा म्हणून 'स्वमत' आलं. हेतू चांगला होता. पण स्वमताचं काय झालं ते इथे बसलेल्या भाषाशिक्षकांना विचारा. पाठ झाडावर असो, नदीवर असो, नाहीतर आजीवर. मुलगा लिहितो, 'माझ्या मते आपण सर्वांनी याचे जतन केले पाहिजे.' पाठ न उघडता लिहिता येतं. आम्हीही पाच ओळी भरल्या की गुण देतो. एकीकडे उताऱ्याच्या बाहेर पाऊल न टाकणारा प्रश्न, दुसरीकडे उताऱ्यात पाऊलच न ठेवणारं मत. होडी किनाऱ्याला बांधून ठेवली तर मासळी मिळत नाही, आणि दोर तोडून सोडून दिली तरी मिळत नाही, हे सातपाटीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. खोल प्रश्न म्हणजे अवघड शब्दांतला प्रश्न नव्हे. वाचलेल्या मजकुरातून बाहेर पडून, आपल्याला ठाऊक असलेल्या कशाला तरी धडकून, पुन्हा त्याच मजकुराकडे येणारा आणि तो नव्यानं वाचायला लावणारा प्रश्न, असा माझा त्याचा साधा अर्थ आहे. आजचं माझं सगळं म्हणणं यातच आलं. पुढे उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण तारापूरचं. बोईसरच्या एका वर्गात मुलं स्पर्धा परीक्षांची सामान्यज्ञानाची पुस्तकं घेऊन येत. कुणी नवं, कुणी ताईचं, कुणी स्टेशनबाहेरून निम्म्या किमतीत घेतलेलं. तारापूर अणुविद्युत केंद्राची क्षमता किती? एकाच्या पुस्तकात 420 मेगावॅट, दुसऱ्याच्या 320, तिसऱ्याच्या 1400. वर्गात हलकल्लोळ. 'सर, कुठलं बरोबर?' हा पहिला प्रश्न, आणि इथे शिक्षकाची कसोटी असते. '1400 लिहा' म्हणून तास पुढे नेता येतो. वेळ वाचतो. पण त्या दिवशी मुलांना म्हटलं, की तिन्ही पुस्तकं छापणारी माणसं वेडी नाहीत असं धरून चाला. मग?

मग एका मुलानं मुखपृष्ठ उलटून आवृत्तीचं साल बघितलं. तोवर सामान्यज्ञानाच्या पुस्तकाचं ते पान त्या वर्गात कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. पुढचा धागा त्यातून मिळाला. 1969 साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या प्रत्येकी 210 मेगावॅटच्या, म्हणून 420. पुढे 1980च्या दशकात त्यांच्या दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्यांतून गळती होऊ लागली, ती बाष्पजनित्रं बाजूला काढली आणि भट्ट्या 160वर आणल्या, म्हणून 320. त्यानंतर 2005 आणि 2006 साली 540च्या दोन नव्या भट्ट्या आल्या, म्हणून सगळी मिळून 1400. तिन्ही आकडे आपापल्या काळी खरे. ही बेरीज मुलांनीच फळ्यावर मांडली. आणि मग मागच्या बाकावरून खरा प्रश्न आला: 'सर, 320 लिहिणाऱ्यानं आधी 420 होतं हे का नाही सांगितलं?'

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही, पण हा प्रश्न त्या पुस्तकाविषयीच आहे. छापलेला आकडा आकाशातून पडत नाही. कुणीतरी तो निवडतो, आणि निवडताना आधीची गोष्ट गाळतो. हे कळल्यावर तीच मुलं इतिहासाचं पुस्तक वेगळ्या नजरेनं वाचू लागतात. त्याच आठवड्यात 'प्रकल्पासाठी जमीन संपादित करण्यात आली' या वाक्यावर एकीनं बोट ठेवलं. कुणाची जमीन? तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांची घरं त्या वर्गापासून फार लांब नाहीत. त्या वाक्यात माणूस कसा तो नव्हता. मुलीनं तो शोधून आणला.

कुणी म्हणेल, हे सगळं नवं शिक्षणशास्त्र आहे, परदेशी आहे, बी.एड.च्या नोट्समध्ये असतं तसं. मी तुम्हाला पुण्यातल्या एका विद्यार्थिनीची आठवण करून देतो. 1855 साल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, चौदा वर्षांची, मांग समाजातली. तिचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आपण 'पहिल्या दलित लेखिकेचा निबंध' म्हणून गौरवतो, आणि गौरव करताना नेमकं एक विसरतो: तो एका शाळकरी मुलीनं विचारलेला वाचनाचा प्रश्न आहे. वेद आमचेच, दुसऱ्यांनी ते पाहायचेही नाहीत, असं ब्राह्मण सांगतात. ठीक आहे, असं ती धरून चालते. मग आम्हाला धर्मग्रंथच नाही, असं झालं. आणि ग्रंथ नाही तर धर्म तरी कुठला? आमचा धर्म कोणता ते सांगा. समोरच्याचंच विधान खरं मानायचं, ते टोकापर्यंत न्यायचं, आणि तिथून मागे वळून त्यालाच विचारायचं. याला जी धार आहे ती 'माझ्या मते' लिहून येत नाही. मुक्तानं मजकूर सोडला नाही. ती बाहेर गेली ती आपल्या वस्तीतल्या हालांपर्यंत, आणि परत आली ती थेट दाव्यावर.

सत्तावीस वर्षांनी, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापलं गेलं. तेही वाचनातूनच निघालेलं पुस्तक आहे. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला, त्या निमित्तानं 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. ताराबाई ते घरात बसून वाचत होत्या. एका बाईच्या गुन्ह्याचा माल साऱ्या बायकांच्या खात्यावर कसा चढवला? हेच दुर्गुण पुरुषांत नाहीत का? एवढ्यावर न थांबता त्यांनी पुराणांतल्या कथा आणि 'मुक्तामाला'सारख्या त्या काळच्या कादंबऱ्याही त्याच प्रश्नाखाली आणल्या. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेलं आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. चांगल्या वाचकाला इतका काळ अडगळीत टाकणारा समाज आपण आहोत, हेही नोंदवून ठेवतो.

आता आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा आक्षेप. तो मला प्रत्येक केंद्रसंमेलनात ऐकावा लागतो आणि तो खोटा नाही. 'सर, इथे मुलांना धड वाचता येत नाही. जोडाक्षरं अडतात. तुम्ही प्रश्नांच्या गोष्टी करता.' पायाभूत साक्षरतेसाठी 2021 पासून निपुण भारत आहे, त्याआधीपासून 'असर'च्या चाचण्या आहेत. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या आपण मोजतो. मग प्रश्न ही सगळ्यात वरची पायरी ठरते. आधी वाच, मग समजून घे, मग वेळ उरला तर विचार. वेळ उरत नाही.

या उतरंडीवर माझा विश्वास नाही, आणि त्याला आधार आपल्याच वाडा तालुक्यातला आहे. अभ्यासक शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या मुलांचा पहिली ते तिसरी असा माग काढला. भारतीय भाषांत मुलं वाचायला कशी शिकतात, यावर इतक्या चिकाटीनं झालेलं काम आपल्याकडे कमीच. त्यांना दिसलं ते थोडक्यात असं: वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं आणि बाराखडी गिरवण्यात जातो, आणि अर्थ आपोआप येईल असं गृहीत धरलेलं असतं. तो आपोआप येत नाही. आणि एवढी अक्षरं गिरवूनही तिसरीच्या अनेक मुलांना वाचता येत नव्हतं. म्हणजे अर्थ पुढे ढकलून आपण अक्षरंसुद्धा पदरात पाडून घेतलेली नाहीत.

गोष्ट ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला प्रश्न पडतात. त्याला अक्षर येत नसतं. नीलेश निमकरांच्या 'क्वेस्ट' संस्थेनं, तिचं काम वाड्याजवळच्या सोनाळ्यातून चालतं, 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम उभा केला. तरुण नट बालसाहित्यातल्या गोष्टी आश्रमशाळांत जाऊन करतात, पोरांशी बोलतात, आणि मग पुस्तक पोरांच्या हातात येतं. गोष्टीशी ओळख आधी, छापील पानाशी नंतर. मला यातलं सगळ्यात जास्त हे आवडतं, की प्रयोगानंतर पोरं विचारतात ते स्वतःच्या बोलीत विचारतात. वारली, कोकणा, कातकरी पोराला प्रमाण मराठीत प्रश्न बनवायला लावलं की त्याची अर्धी अक्कल क्रियापद जुळवण्यात खर्च होते. बोईसरला तर भोजपुरीत विचारणारा, उडियात विचारणारा पोरगा एकाच बाकावर असतो. विचारू द्यावं. उत्तर मराठीत शोधायला आहेच की आयुष्य.

आणि हे या भागात आज सुरू झालेलं नाही. 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या; भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबरचं बालशिक्षणाचं काम त्यांच्या पाठीशी होतं. बरोबर पस्तिशीच्या अनुताई वाघ. पुढे त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर संसार थाटला, तो शाळांचा. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली. थोरली गुरं राखतात, तर शाळा कुरणात नेली. मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडत नाहीत, तर बिया, शिंपले, पानं, काड्या घेतल्या. हे आपण सगळे भाषणांत सांगतो. पण त्यांनी साधनं बदलली त्यामागचा विचार असा, की मुलाच्या हाताला जे आधीच ओळखीचं आहे तिथून सुरुवात केली तर मूल पुढाकार घेतं. बालवाडीपुरतं आपण हे मान्य केलं आणि पाचवीपासून पुढे विसरलो. शिंपला चालतो, पण शिंपल्याविषयी पुस्तकात चुकीचं लिहिलंय असं म्हणणारं पोर चालत नाही.

आता जरा अडचणीच्या ठिकाणी येतो. इथे सभेत दोन्ही बाजूंची माणसं आहेत, हे मला माहीत आहे.

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून 2024 मध्ये मंजुरी दिली, 76,200 कोटींचा प्रकल्प. 30 ऑगस्टला इथे पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. वर्तमानपत्रांत आकडा आला, बारा लाख रोजगार. बंदरपट्टीतल्या एका शाळेत नववीच्या वर्गात ती बातमी वाचायला घेतली होती. आधीच ठरवलं होतं, की बंदर हवं की नको यावर त्या तासाला कुणी बोलायचं नाही. फक्त बातमीला प्रश्न विचारायचे.

पहिले प्रश्न ठरलेले: किती कोटी, कुठे, कुणाच्या हस्ते. फळ्यावर लिहून घेतले आणि त्यांच्यावर रेघ मारली, कारण उत्तरं बातमीतच होती. मग शांतता. बराच वेळ. मग तांडेलाच्या घरातली एक मुलगी म्हणाली, 'सर, माझे बाबा आता बोटीवर जातात. उद्या ते बंदरात कामाला लागले, तर त्यांना त्या बारा लाखांत धरणार का?' मी म्हटलं, धरतील बहुधा. ती म्हणाली, 'मग बोटीवरचं काम गेलं, ते कुठे वजा करणार?'

अर्थशास्त्राच्या पदवीच्या वर्गात निव्वळ आणि ढोबळ यातला फरक शिकवताना मी मी म्हणणारे घामाघूम होतात. तो या मुलीनं वडिलांच्या बोटीवरून काढला. पण तास इथे संपला नाही, संपायलाही नको होता. तिला म्हटलं, आता बातमीकडे परत ये. बारा लाख नवीन, असं लिहिलंय का? प्रत्यक्ष किती, अप्रत्यक्ष किती? किती वर्षांत? वर्गानं बातमी पुन्हा वाचली, या वेळी शब्दाशब्दाला अडखळत. पहिल्या वाचनात आकडा वाचला होता. दुसऱ्या वाचनात आकड्याभोवती काय नाही ते वाचलं.

पुढच्या तासाला विरोधातलं एक पत्रक आणलं. त्यात लिहिलं होतं, हजारो कुटुंबं उद्ध्वस्त होतील. एका मुलानं विचारलं, हजारो म्हणजे किती? कुठल्या कुठल्या गावांतली? कुणी मोजली? कालच्या मुलीचा चेहरा पडला. पत्रक तिच्या घरच्यांच्या बाजूचं होतं. तिनं विरोध केला, की आपल्या माणसांना असं का विचारायचं. पण मग तीच म्हणाली, की आकडा नीट असेल तर आपलंच म्हणणं पक्कं होईल. वर्गातलं सगळ्यात अवघड काम हे. आपल्याला न पटणाऱ्या मजकुराला कुणीही प्रश्न विचारतो. आवडत्या मजकुराला विचारणं शिकवावं लागतं, आणि ते शिकवणाऱ्यालाही जमलेलं असावं लागतं. प्रश्न विचारणं म्हणजे विरोध करणं, अशी एक समजूत अलीकडे घट्ट झाली आहे. विचारणाऱ्यांत आणि ज्यांना विचारलं जातं त्यांच्यातही. ती वर्गात तरी शिरू देऊ नये.

मघाशी 'शांतता, बराच वेळ' असं म्हणालो. त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतात? साधारण एक सेकंद. मग स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला उभं करतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली, आणि मुलं आपणहून जास्त प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद! वर्गात उभं राहून करून बघा, तीन सेकंद हे केवढं मोठं प्रकरण असतं ते कळेल. शांतता झाली की आपल्याला वाटतं वर्ग हातातून गेला. बाहेरून मुख्याध्यापक जात असले तर विचारूच नका.

दुसरं, मुलं सुरुवातीला भिकार प्रश्न विचारतात. हे मान्य करून बसायला हवं. 1984 साली पालिंक्सार आणि ब्राउन या दोन संशोधिकांनी सातवीतल्या, वाचता येतं पण कळत नाही अशा मुलांबरोबर काम केलं. मुलांनी आळीपाळीनं शिक्षक व्हायचं, परिच्छेद वाचून त्याचा सारांश सांगायचा, प्रश्न विचारायचा, अडलेलं सोडवायचं, पुढे काय येईल त्याचा अंदाज बांधायचा. सुरुवातीला पोरांना प्रश्नच जमेनात. शिक्षिका स्वतः प्रश्न विचारून दाखवायची, मुलानं तो तसाच म्हणायचा, आणि मग हळूहळू हात सोडायचा. काही आठवड्यांत प्रश्न बदलले, आणि आकलनाच्या चाचण्यांतही फरक पडला. यात आपल्याला उपयोगी गोष्ट एवढीच, की शिक्षकानं आधी स्वतः मोठ्यानं वाचावं आणि मोठ्यानं अडावं. 'इथे मला कळलं नाही,' असं मास्तरांनी म्हणणं आपल्याकडे अवघड, हे मी जाणतो. पोर्शन पूर्ण करायचा असतो, आणि गाइडमध्ये सगळं कळलेलं असतं.

पालकांचं एक वाक्य इथे घेतोच. 'सर, जास्त प्रश्न विचारायला शिकवू नका, घरी ऐकत नाही पोरगी.' हसू नका, हा गंभीर मुद्दा आहे आणि माझ्याकडे त्यावर औषध नाही. पोरगी घरी प्रश्न विचारणारच. एवढंच बघायचं, की ती प्रश्न विचारते की उलट बोलते, आणि तो फरक तिला आपण वर्गात दाखवलेला असावा.

शेवटी गुणांचं. गुण नसतील तर हे दोन आठवड्यांत बंद पडतं, याची मला खात्री आहे. बोर्डाचं जेव्हा व्हायचं तेव्हा होईल. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका तर आपणच काढतो. तीत चार गुणांची एक कृती घाला. उतारा द्या आणि दोन प्रश्न तयार करायला सांगा, बोर्डाची अट उलटी करून: उत्तर उताऱ्यात एका वाक्यात मिळता कामा नये, पण प्रश्न उताऱ्यातल्या कुठल्या ओळीमुळे पडला ती ओळ अधोरेखित केलेली हवी. तपासताना एक गुण ओळ आणि प्रश्न यांचा सांधा जुळतो का याला, दुसरा गुण त्या प्रश्नामुळे ओळ पुन्हा वाचावी लागते का याला. दुसऱ्या गुणावर दोन शिक्षकांचं एकमत होणार नाही. होऊ नये, स्टाफरूममध्ये त्यावर वाद झाला तर तो पगारवाढीच्या वादापेक्षा बरा. अधोरेखित ओळ नसलेल्या प्रश्नाला शून्य द्या, तो कितीही तत्त्वज्ञानाचा असो. नाहीतर पोरं 'जीवन म्हणजे काय' लिहून मोकळी होतात.

उतारा निवडताना पाठ्यपुस्तकाबाहेरचाही घ्या. एमआयडीसीच्या फाटकावरची सुरक्षेची सूचना, ग्रामसभेचा ठराव, मच्छीमारांना दिलेला हवामानाचा इशारा, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर. पालघर जिल्ह्यात वाचायला काय कमी आहे? दिवाळीनंतरच्या पहिल्या चाचणीत करून बघा आणि मुलांनी काढलेले प्रश्न मला दाखवा. निवडून चांगले तेवढे आणू नका. फसलेले जास्त आणा. आपण काय शिकवलं ते त्यांतूनच दिसतं.